अर्थिंगची घागर

आमच्या घरात रोज पाणी लागायचं ते माणसांना, शेरडाला आणि अंगणातल्या पहारेला. माणसांचं आणि शेरडाचं कुणालाही समजेल, पहारेचं मात्र सांगावं लागतं. उंबऱ्यापासून चार पावलांवर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एक लोखंडी पहार जमिनीत ठोकली होती. वीतभर वर दिसायची, बाकीची खाली. तिच्या डोक्याला तांब्याची तार गुंडाळलेली, ती तार भिंतीच्या भोकातून आत यायची आणि आप्पांच्या बेंजोला जोडलेली असायची. पहारेच्या बुडाशी मिठाचे खडे टाकलेले आणि त्यावर रोज सकाळी आईनं घागरभर पाणी ओतायचं, असा आप्पांचा कायदा होता. आमचं गाव तासगावच्या पूर्वेला. उन्हाळ्यात टँकर यायचा, तो आधी वरच्या आळीत आणि शेवटी आमच्या वस्तीत. शेवटी म्हणजे तळाशी राहिलेलं, पायपाच्या तोंडाला फडकं बांधून घ्यायचं पाणी. त्यातली एक घागर जमिनीत जिरवायची, तीही आपल्या हातानं, म्हणजे आईच्या जिवावर यायचं. ओतताना ती एक शब्द बोलायची नाही, पण घागर अशी आदळायची की आत बसलेल्या आप्पांना सगळं ऐकू जायचं.

बेंजो म्हटल्यावर शहरातल्या लोकांच्या डोळ्यासमोर काहीतरी गोल, कातड्यानं मढवलेलं येतं. आमचा बेंजो तसला नव्हे. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पट्टीनं तारा छेडायच्या. आप्पांनी तो मिरजेहून आणला आणि मोडक्या स्पीकरचं लोहचुंबक काढून, त्यावर केसासारखी बारीक तार गुंडाळून त्याला विजेचा केला. ती तार मोजत गुंडाळायची असते, म्हणून ते बसले की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी आवाज वाढवायचं मशीन बसवलं होतं. बेंजोची वायर डब्यात, डब्यातून दुसरी वायर मंडपवाल्याच्या साउंडला. जयंती, लग्न, हळद, जत्रा, जिथं बोलावतील तिथं आमची पार्टी जायची. आप्पा बेंजोवर, चुलते नाना ढोलकीवर, आई खंजिरीवर आणि कोरसला. धाकटा भाऊ शेजारच्या काकूकडं राहायचा. मी आधी नुसतीच जायचे. मग आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला, पट्टी हातात ठरेना, आणि रोज समोर बसून पाहून पाहून माझ्या बोटांत उतरलेलं होतं ते एका जत्रेत उघडं पडलं. त्या दिवसापासून बेंजो माझा झाला. बेंजोवर पोरगी बसलीय म्हटल्यावर लोक पाहायला यायचे. ऐकायला किती यायचे, ते मला आजही सांगता येणार नाही.

हात गेल्यावर आप्पांनी आपला सगळा जीव वायरींत घातला. साउंडला बेंजो जोडला की कर्ण्यातून एक घूं असा आवाज यायचा. वाजवताना तो सुरांखाली दडायचा आणि आपण थांबलो की वर यायचा. आप्पा त्याला भुंगा म्हणायचे. "भुंगा हाय तवर वाजवू नगं," हे त्यांचं मला पहिलं आणि शेवटचं शिक्षण. गावोगावच्या मंडपवाल्यांची मशीनं दोन पिनांची, वीज खांबावरून आकडा टाकून घेतलेली, अर्थिंग म्हणून नाही. भुंगा असायचाच. आप्पा गेल्या गेल्या मंडपाच्या मागं पहार ठोकायचे, मीठ टाकायचे, पाणी ओतायचे आणि तार डब्याला जोडायचे. मग लाइटची वायर बेंजोच्या वायरीला लागून गेलीय का बघायचे. लागून गेली असली तर लांब न्यायचे, ओलांडायचीच झाली तर आडवी ओलांडायचे. स्टेजजवळची ट्यूबलाइट बंद करा म्हणून नवऱ्या मुलाच्या मामाशी त्यांनी भांडण काढलेलं मी पाहिलंय. अंधारात बसा म्हणतो हा म्हातारा, म्हणून मामा चिडलेला आणि आप्पा आपले ट्यूबकडं बोट दाखवून उभे. पहिली घागर ओतली की कर्ण्यात जरा खरखर व्हायची, घूं थोडा वाढल्यासारखा वाटायचा आणि मग हळूहळू सगळं गप्प. त्या गप्प होण्यात आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. "पानी पितीया जमीन," ते म्हणायचे, "पिऊन झालं की गप बसती."

दुपारी आई बेदाण्याच्या शेडवरून निवडणीचं काम करून यायची. तिच्या लुगड्याला गंधकाचा वास असायचा आणि ओच्यात कधीतरी मूठभर खाली सांडलेला बेदाणा. संध्याकाळी हुलग्याचं माडगं आणि भाकरी. माडगं चुलीवर रटरटत असताना मी वाजवायचे, नाना दाराच्या फळीवर ठेका धरायचे, आई भाकरी थापता थापता कोरस म्हणायची. तिचा आवाज बारीक आणि सरळ होता. भुंग्यावर माझ्याइतकाच तिचाही राग, पण तिचा राग वेगळ्या कारणानं. एकदा टँकर दोन दिवस आला नाही आणि आप्पांनी सकाळी घागरीकडं पाहिलं. आई म्हणाली, "आवं, आज लेकरांच्या तोंडात घालू का तुमच्या पारंच्या?" थोड्या वेळानं आप्पांनी स्वतः उठून अंघोळीचं राहिलेलं पाणी कंप सुटलेल्या हातानं नेऊन पहारेवर घातलं. निम्मं वाटेतच सांडलं. आईनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच घालायला लागली. त्यांच्या संसारात एवढंच प्रेम मी डोळ्यांनी पाहिलं.

मी तोवर लग्नाची झाले होते. साताऱ्याकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा पलटणीत. त्यांच्याकडून स्पष्ट निरोप होता की लग्नानंतर स्टेजवर बसायचं नाही. आप्पांनी त्यांना जरा थांबा म्हणून सांगितलं होतं, कारण सांगलीचे मोहनराव. मोहनरावांचा मोठा ऑर्केस्ट्रा होता, निळे कोट घातलेले वादक, स्वतःची गाडी. त्यांना बेंजो वाजवणारं आणि कॅसिओचा कीबोर्डही शिकून घेईल असं माणूस हवं होतं. कुणीतरी माझं नाव त्यांच्या कानावर घातलं. त्यांच्या भाचीचं लग्न तासगावच्या बाहेर माळावर होतं. तिथं दुपारी अक्षता पडल्यावर पंगती बसतील, तेव्हा तुमची पार्टी वाजवू दे, मी ऐकतो, असं ते म्हणाले. ऐकून पसंत पडलं तर मी सांगलीला, नाही तर साताऱ्याला. माझ्या आयुष्याचा एवढाच हिशेब होता आणि तो मला पुरता ठाऊक होता. आठवडाभर मी झोपेतही डाव्या हाताची बोटं हलवायचे, असं आई सांगायची.

त्या माळावर सावलीला एक झाड नव्हतं. पांढऱ्या कापडाचा भला मोठा मंडप, खाली मुरूम, वर वैशाखाचं ऊन. पाण्याचा एक टँकर मंडपाच्या पलीकडं आचाऱ्याजवळ उभा होता. आम्ही नेहमीसारख्या आमच्या घागरी भरून आणल्या होत्या. कुठल्या गावात आमच्यापुढं भांडं धरतील आणि कुठल्या गावात वरून ओंजळीत पाणी ओततील हे आधी कळायचं नाही, म्हणून आई पाणी घरून घ्यायची. त्यावर तिनं कधी भाषण केलं नाही. दोन घागरी घेतल्या होत्या, एक पहारेला आणि एक आम्हाला.

तिथला साउंड सांगलीहून आलेला. असलं मशीन आम्ही कधी पाहिलं नव्हतं. काळे खोके, बटणांची रांगच्या रांग, तीन पिनांची जाड वायर, वेगळा जनरेटर. त्यावर बसलेला मुलगा विशी-बाविशीचा, शर्टाची बटणं उघडी, गळ्यात हेडफोन. आप्पांनी मंडपामागं जाऊन पहार ठोकली. मुरमात ती जाईना. नानांनी वरवंट्याएवढा दगड घेऊन ठोकली, कशीबशी हातभर गेली. तार डब्याला जोडली, डब्याची वायर मुलाकडं दिली. त्यानं बटण वर केलं आणि बारीक घूं आला. फार नाही. डास कानाशी यावा तेवढा. "हाय वाईच," आप्पा म्हणाले आणि पहिली घागर घेऊन मागं गेले. घूं वाढला. आप्पा परत येऊन कान देऊन उभे राहिले. पिऊन झालं की गप बसती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही थांबलो. जमीन गप्प बसली नाही.

त्या मुलानं मान वर करून आप्पांच्या तारेकडं पाहिलं, तारेवरून नजर नेत मंडपाच्या कनातीपर्यंत नेली आणि म्हणाला, "ओ, ते काय जोडलंय ते काढा. ते लोखंड काढून बाजूला टाका. आमच्या सिस्टीमला असलं काही लागत नाही." त्यानं एवढंच म्हटलं. का काढा, ते सांगितलं नाही. त्याच्या मनात वाईट असेल असं मला आज वाटत नाही, त्याला उकडत होतं आणि त्याचं काम तो करत होता. पण काढा, उचला, बाजूला टाका, हे शब्द आप्पांनी जन्मभर ऐकले होते. आपली चप्पल, आपलं भांडं, आपली बसायची जागा, सगळ्याच्या बाबतीत ऐकले होते. तो वायरीविषयी बोलतोय हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "आमचं आमी बघतो," ते म्हणाले, "तुमी तुमचं बघा." मुलानं खांदे उडवले आणि हेडफोन कानाला लावला.

आप्पा नानांना म्हणाले, "टँकरवरनं बादली आन." नाना गेले आणि रिकामी बादली घेऊन आले. पंगत बसायची आहे, जेवणाआधी पाण्याला हात लावायचा नाही, असं आचाऱ्यानं सांगितलं होतं. मग आप्पांनी आमच्या प्यायच्या घागरीकडं पाहिलं. आई तिच्यापाशीच बसली होती. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं, कारण आधी आम्हाला प्यायला दिलं होतं आणि तिला स्वतःला शेवटी प्यायची सवय होती. ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते. आप्पांनी घागरीला हात घातला तेव्हा ती म्हणाली, "आवं, मला घोटभर घिऊ द्या आदी." आप्पा म्हणाले, "वाईच थांब. पोरीचं झालं की टँकरचं पी पोटभर." त्यांचे हात इतके कापत होते की घागर त्यांना उचलेना. आईनंच ती उचलली. कनातीमागं जाऊन तिनं सगळी घागर पहारेवर ओतली, शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटी धरली. मी स्टेजवरून कापडाच्या फटीतून पाहत होते. रिकामी घागर तिनं त्या दिवशी आदळली नाही, हळूच खाली ठेवली.

आणि कर्ण्यातून भुंगा असा उठला की पंगतीला बसत असलेल्या लोकांनी माना वळवल्या. त्याच वेळी मोहनराव पुढच्या खुर्चीवर येऊन बसले. आप्पांनी मला हातानं खूण केली, वाजव. भुंगा असेपर्यंत वाजवू नको म्हणणाऱ्या आप्पांनी, आयुष्यात पहिल्यांदाच. मी वाजवलं. चांगलं वाजवलं, हे मी आज म्हातारपणी कुणाचीही भीड न धरता लिहिते. पण माझ्या प्रत्येक सुराखाली तो घूं घूं चालला होता. मी बारीक मींड घेतली की तो वर यायचा, थांबले की मंडपभर पसरायचा. आईचा कोरस दुसऱ्या कडव्यावर आलाच नाही. मागं वळून पाहिलं तर ती खंजिरी मांडीवर घेऊन नुसती बसली होती, डोळे मिटलेले. साउंडवाल्या मुलानं शेवटी माझं बटण खाली ओढलं. भुंगा गेला आणि माझा बेंजोही गेला. मी उरलेलं गाणं लाकडाच्या पेटीवर, विजेशिवाय, कुणालाच ऐकू न येणारं, पूर्ण वाजवलं. का, कोण जाणे.

मोहनराव भले माणूस. उठून स्टेजजवळ आले. "बोटं चांगली आहेत पोरीची," आप्पांना म्हणाले, "पण आमच्याकडं आवाज साफ लागतो. लोक तिकीट काढून येतात." आप्पांनी हात जोडले. मोहनराव जेवायला गेले. आई टँकरपर्यंत चालत गेली आणि तिथंच चिखलात बसली, मग आडवी झाली. तिला ऊन लागलं होतं. तासगावच्या दवाखान्यात सलाइन लावून तिला परत आणलं, पण त्यानंतर बरेच दिवस ती अंथरुणावर होती आणि तिचा तो सरळ आवाज परत आला नाही. गाणं म्हणायला गेली की फाटायचा. साताऱ्याच्या लोकांना निरोप गेला. पावसाआधी माझं लग्न झालं. बेंजो माळ्यावर गेला, ढोलकी नानांनी विकली. थोड्याच वर्षांत डीजे आले आणि आमच्यासारख्या पार्ट्यांना कुणी विचारीना, तेव्हा सांगलीला गेले असते तरी फार काही झालं नसतं, अशी मी माझी समजूत घालते. ती पटत नाही. आप्पा मरेपर्यंत एकच सांगायचे, "त्या माळाला पानीच कमी पडलं. आनिक एक घागर असती तर गप बसला असता."

परवा साताऱ्यात नातीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सकाळचा कार्यक्रम. एका पोरानं गिटार जोडली आणि कर्ण्यातून घूं आला. इतक्या वर्षांनी, तोच. साउंडवाला वाकला, गिटारच्या वायरीत बसवलेल्या एका लहानशा डबीवरचं बटण दाबलं आणि भुंगा नाहीसा झाला. एका क्षणात, पाण्याच्या थेंबाशिवाय. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठलं आणि काय केलंस म्हणून विचारलं. भला पोरगा होता, त्यानं नीट सांगितलं. "मावशी, दोन ठिकाणी अर्थिंग झालं की हा घूं येतो, आम्ही त्याला हम म्हणतो. गिटारच्या मशीनचं एक, आमच्या मिक्सरचं एक. दोघांमध्ये वायरीतून करंट फिरत राहतो. मशीनचं अर्थिंग कधी तोडायचं नाही, नाहीतर माणूस मरेल. फक्त ह्या आवाजाच्या वायरीतला जोड तोडायचा." मी विचारलं, मिक्सरला स्वतःचं अर्थिंग असताना कुणी वाद्याला वेगळी पहार ठोकून जोडली तर? "तेच की. हम येणार." आणि त्या पहारेला पाणी घातलं तर? तो हसला. "मग अजून वाढणार, मावशी. जेवढं पाणी घालाल तेवढा वाढणार." खुर्च्या उचलेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे, गावी धाकट्या भावाकडं असते. नळ आलाय, चोवीस तास नाही, पण येतो. उशाशी भरलेला तांब्या असल्याशिवाय ती झोपत नाही, रात्रीतून उठून तांब्या भरलाय का हातानं चाचपते. पहार अजून अंगणात आहे, तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय. हे तिला सांगावं की नाही, याचा मी बसमध्ये सगळा रस्ता विचार केला आणि सांगायचं नाही असं ठरवूनच उतरले. पण भाकरी खाता खाता तिनंच आप्पांचा विषय काढला, आनिक एक घागर असती तर, असं तिच्याही तोंडी आलं, आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. तिथं आधीच अर्थिंग होतं. आपली पहार नुसती उपटली असती तरी भुंगा गेला असता. पाण्यानंच तो वाढला.

आई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. तिनं आप्पांना बोल लावला नाही, त्या साउंडवाल्या पोरालाही लावला नाही. माझ्या सांगलीचंही तिच्या मनात आलं नसावं. तिनं तांब्या जवळ ओढला, त्यात डोकावून पाहिलं.

"मंजी त्या दिशी," ती म्हणाली, "मी पानी पिले असते तरी चाललं असतं."